सहीखालच्या दोन रेघा

शोरूमचं पत्र आलं त्या दिवशी मी सकाळपासून तीन गिऱ्हाइकांना "होईल सवय" म्हणून परत पाठवलं होतं. माझं चष्म्याचं दुकान आहे. नवा चष्मा नेलेला माणूस चार दिवसांनी परत येतो, जमीन वर आल्यासारखी दिसते म्हणतो, आणि मी चष्मा हातातही न घेता सांगते, नवा आहे, होईल सवय. दहातल्या नऊ जणांना होतेही. दहाव्याचं पुढे काय होतं ते मी कधी विचारलेलं नाही.

पत्र एका पानाचं होतं. "तपासणीअंती ब्रेकमध्ये कोणताही दोष आढळून आला नाही. प्रत्यक्षदर्शी असलेल्या चालकाच्या कन्येच्या सांगण्यानुसार, घटनेच्या वेळी चालक खाली पाहून पेडल शोधत होते. चालकाचे वय पाहता ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला असावा. सबब हे काम वॉरंटीत बसत नाही."

चालकाची कन्या म्हणजे मी. बाबांवर खापर फोडायला शोरूमवाल्यांना दुसरं कुणी लागलंच नाही, घरचाच माणूस मिळाला.

झालं होतं ते असं. माझं दुकान गल्लीच्या उताराच्या तळाशी आहे. बाबा रोज संध्याकाळी मला न्यायला यायचे, काचेकडे तोंड करून गाडी उभी करायचे आणि इंजिन चालू ठेवून थांबायचे, कारण मी "आलेच" म्हणते आणि दहा मिनिटं येत नाही. त्या दिवशी मी आतून बघत होते. गाडी उभी होती. मग ती हळूहळू, माणूस चालत यावा तशी, माझ्याकडे यायला लागली. आत बाबा मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत होते. मग त्यांचा खांदा दोनदा हलला आणि गाडी थांबली, पण तोवर बंपर काचेत शिरला होता. शंभरेक फ्रेम रस्त्यावर पडल्या. लागलं कुणालाच नाही.

दादा धावत आला. माझा थोरला भाऊ. संकट आलं की आधी दोषी कोण ते विचारतो, मग पाणी. "झालं काय नेमकं?" त्याने विचारलं आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "बाबा खाली बघत होते. पेडल सापडत नव्हतं त्यांना." गाडी न्यायला आलेल्या शोरूमच्या माणसालाही मी तेच सांगितलं, वर हातवारे करून.

बाबा बाजूलाच उभे होते. ते एवढंच म्हणाले, "ब्रेक खाली गेला. पायाखालून गेला."

"बाबा, ब्रेक गेला होता तर मग गाडी थांबली कशी?" दादाने विचारलं.

बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "ठेव तुझ्याकडे."

बाबांनी छत्तीस वर्षं बस चालवली. डेपोत त्यांना सगळे 'लोणी' म्हणायचे. बस कधी थांबली ते उभ्या प्रवाशाला कळू नये, ही त्यांची हौस. एखाद्याने कचकन ब्रेक दाबला की ते पुटपुटायचे, "माणसं आहेत आत, बटाटे नाहीत." निवृत्तीनंतर त्यांनी आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतली. छोटीच, पण तिला पुसताना बघितलं असतं तर वाटलं असतं विमान आहे. पूर्वी रस्त्यावरून कुणी गिअर खरडत गेलं की बाबा घरात बसून त्या अनोळखी माणसाला शिकवायचे, "अरे, क्लच जाळतोस काय!" त्या संध्याकाळनंतर खिडकीखाली ट्रक किंचाळत थांबला तरी त्यांनी मान वर केली नाही. लायसन्स कपाटात गेलं. दादाने शोरूमशी परस्पर बोलून ठेवलं, की आहे त्या स्थितीत गाडी तुम्हीच परत घ्या. बाबा म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल ते करा." ज्या माणसाने घरात पंखा कुठे लावायचा यावरूनही तीन दिवस वाद घातला होता, तो असं बोलला.

पत्र फाइलला लावावं म्हणून मी गाडीची फाइल काढली. त्यात अपघाताआधीची दोन जॉब कार्डं निघाली. बाबा त्यापूर्वी दोनदा शोरूमला जाऊन आले होते, हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. दोन्हींवर तक्रार एकच: ब्रेक दाबून धरला की पाय खाली जातो. त्यासमोर शोरूमवाल्याचा शेरा: "दोष नाही. नवीन गाडी. सवय होईल असे ग्राहकाला समजावून सांगितले." त्याखाली छापील ओळ, 'काम समाधानकारक झाले', आणि बाबांची सही. सहीखाली दोन आडव्या रेघा.

त्या रेघा मी ओळखल्या.

डेपोत एक वही असायची. रात्री ड्रायव्हर बसची तक्रार लिहायचा, सकाळी मेकॅनिक काय केलं ते लिहायचा आणि ड्रायव्हरने सही केल्याशिवाय बस फाटकाबाहेर पडायची नाही. कधी कधी काम झालेलं नसायचं, पण प्रवासी खोळंबलेले असायचे. अशा वेळी बाबांच्या पिढीचे ड्रायव्हर सही करून खाली दोन रेघा मारायचे. म्हणजे सही केली, पटलेलं नाही. मला हे माहीत होतं, कारण सातवीत असताना बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, 'वर्गात कॉपी केली.' मी कॉपी केली नव्हती. बाबांनी काही विचारलं नाही, ओरडले नाहीत. सही केली, खाली दोन रेघा मारल्या आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलून शाळेत जाऊन बसले. बाईंनी शेरा खोडेपर्यंत उठले नाहीत.

त्यांनी मला एक शब्दही न विचारता खरं मानलं होतं. आणि मी त्यांना पेडल शोधायला लावलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं.

घरी बाबा वाटाणे सोलत होते. मी कार्डं त्यांच्यासमोर ठेवली.

"सही का केलीत?"

"सही केल्याशिवाय किल्लीच देत नाहीत ते. आधी सही, मग गाडी. उलटा कारभार." त्यांनी एक शेंग सोलली. "मला वाटलं, रेघा बघून विचारेल कुणीतरी."

"त्यांना काय कळणार रेघा!"

"हं. ते उशिरा लक्षात आलं."

"बाबा, तुम्ही खाली बघत होतात ते..."

"पाय ब्रेकवर होता. दाबलेला होता. आणि तो खाली चालला होता, आपोआप. छत्तीस वर्षांत असं बघितलं नव्हतं, म्हणून बघितलं." ते शांतपणे म्हणाले. "मग दोनदा पंप केला. लागला."

"पण मग त्यांच्या मशीनवर कसा पास होतो?"

बाबांनी वाटी बाजूला ठेवली. माझा हात उताणा धरला आणि तळव्यावर अंगठा जोरात दाबला. "ते असा मारतात. जोरात मारला की आतलं रबर घट्ट बसतं, तेल सुटत नाही." मग तोच अंगठा अलगद टेकवून त्यांनी तसाच ठेवला. "मी असा लावतो. रबर मुळात खराब असेल तर तेल बाजूने हळूच सरकतं, पाय खाली जातो. आणि मी लावतो असा की..."

"बस थांबलेली कळू नये."

"तेच." त्यांनी वाटी पुन्हा ओढली. "चांगलं चालवायला गेलो, तिथंच घात झाला."

दुसऱ्या दिवशी मी शोरूममध्ये होते. काचेच्या टेबलापलीकडे टाय लावलेला सल्लागार बसला होता, जॉब कार्डांवर त्याचंच अक्षर होतं. मी त्याच्यापुढे कागद ठेवला. रात्रीच लिहिला होता: माझं आधीचं सांगणं चुकीचं होतं, मी ते मागे घेते; चालकाला समोर बसवून गाडी पुन्हा तपासा.

"मॅडम, असं मागे घेता येत नाही."

"बोलले मी, मागे मीच घेणार. तुम्हाला काय त्रास?"

"तपासणी झालीय. मशीनवर पास आहे. काकांचं वय..."

"वयाचं असतं तर ॲक्सिलरेटर दाबून ते दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकले असते. गाडी चालत आली हो, चालत! मी बघितलीय."

"आधी तुम्ही वेगळं बघितलं होतं ना?" तो गोड हसला.

मला त्याच्या टायची गाठ जरा घट्ट करावीशी वाटली. पण तो बोलला ते खरं होतं आणि म्हणूनच जास्त झोंबलं. मी सांगितलं, "उद्या येते," आणि दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. दुकानाला 'दुपारी एक ते चार बंद' अशी पाटी लावली आणि त्यांच्या पांढऱ्या सोफ्यावर, नव्या गाडीच्या अगदी समोर, फाइल मांडीवर घेऊन बसले. गाडी बघायला जोडपी यायची. कुणी सहज विचारलं, "तुम्हीही घेताय का?" की मी सांगायचे, "घेतलीय. ब्रेकचं विचारायला आलेय." तेवढ्यावर पुरुष पेडलकडे आणि बायका नवऱ्याकडे बघायला लागायच्या.

चौथ्या दिवशी मॅनेजर स्वतः आला. चहा आला. माणूस सभ्य होता, केस मात्र फारच चापून बसवलेले.

"ताई, आपण भांडायचं कशाला? सद्भावना म्हणून ब्रेकचं सगळं काम आम्ही करून देतो. काच, बंपर, सगळं. तुम्हाला एक पैसा पडणार नाही. फक्त इथं सही."

मी वाचलं. गाडीत दोष नव्हता. चालकाकडून अनवधानाने चूक झाली. कंपनी सौजन्य म्हणून दुरुस्ती करीत आहे.

खरं सांगते, हात पेनापर्यंत गेला होता. दादाला फोन केला असता तर तो म्हणाला असता, अगं, कर सही, फुकट होतंय. सगळं मिळत होतं. फक्त बाबा मिळत नव्हते.

"ही ओळ काढा," मी म्हटलं.

"कुठली?"

"चालकाची."

"ती काढली तर मग वॉरंटीच झाली की!"

"तेच मागतेय चार दिवस. सद्भावना तुमच्याकडेच ठेवा, पुढच्या गिऱ्हाइकाला लागेल. आणि वॉरंटी द्यायची नसेल, तर माझ्या वडिलांना गाडीत बसवा, तुमचा फोरमन बाजूला बसवा, दोन मिनिटं द्या. ब्रेक खाली गेला नाही तर मी या कागदावर सही करते. मोठ्या अक्षरात करते."

मॅनेजरने घड्याळ बघितलं, सोफ्याकडे बघितलं. शनिवार जवळ येत होता आणि शनिवारी त्यांच्याकडे गर्दी असते. "उद्या अकराला या," तो म्हणाला.

बाबांना आणणं याहून अवघड गेलं.

"मला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही," ते म्हणाले.

"त्यांना नका दाखवू. मला दाखवा."

"तुला पटलंय ना आता?"

"पटलंय. पण मी चारचौघांत तुमच्याविरुद्ध बोललेय, तर चारचौघांतच ते पुसलं गेलं पाहिजे. तुम्ही शाळेत जाऊन बसला होतात तेव्हा घरी येऊन मला नुसतं 'पटलंय' म्हणाला असतात, तर चाललं असतं का?"

बाबांनी उठून कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला.

वर्कशॉपमध्ये गाडी सपाट जागी उभी होती. फोरमन पन्नाशीचा, हात कोपरापर्यंत काळे, बोलायला कंजूष. मॅनेजर आणि टायवाला शेजारी हाताची घडी घालून उभे. आधी फोरमन आत बसला, इंजिन चालू केलं आणि ब्रेक दाबला. एकदा, दोनदा, तीनदा, धाडधाड. "टणक आहे," तो म्हणाला. टायवाल्याने माझ्याकडे बघितलं.

मग बाबा बसले. सीट मागे घेतली, आरसा सारखा केला. गाडी जागची हलणार नव्हती, पण आरसा नीट केल्याशिवाय त्यांना बसवेना. मी उघड्या दारापाशी उकिडवी बसले आणि पर्समधून पट्टी काढली. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची माझी पट्टी, मिलिमीटरची. दिवसभर तीच हातात असते. ती जमिनीवर उभी धरली, पेडलला लागून.

बाबांनी पाय टेकवला. दाबला असं म्हणवेना, टेकवलाच.

"ऐंशी," मी वाचलं.

काही झालं नाही. इंजिन गुरगुरत होतं. माझ्या गुडघ्याला रग लागली. पट्टीवरचे आकडे वाचायचे हा माझा धंदा, पण आकडा बदलावा म्हणून मी आयुष्यात कधी इतकी आतुर झाले नव्हते.

"अठ्ठ्याहत्तर."

"पाय जोर करतोय," टायवाला म्हणाला.

"गप्प बस," फोरमन म्हणाला आणि खाली वाकला. "ती पट्टी द्या इकडे, ताई." माझ्या हातून घेऊन त्याने स्वतः धरली. त्याचा काळा अंगठा आकड्यांवरून खाली सरकायला लागला. सत्तर. साठ. बाबांची पोटरी जराही हलत नव्हती, पण बूट खाली चालला होता. चाळीस. पलीकडे चाक काढणारे दोघंही काम सोडून येऊन उभे राहिले. पंधरा. मग बुटाची टाच, चवडा, सगळं एकत्र जमिनीला टेकलं.

"आता पंप करतो," बाबा म्हणाले. दोनदा दाबला. पेडल वर आलं, दगडासारखं टणक. "आणि आता मशीनवर न्या. पास होईल."

फोरमनने बाबांना उठवलं आणि स्वतः बसला. पहिल्यांदा त्याच्याकडून जोर झाला, ब्रेक जागचा हलला नाही.

"असं नाही," बाबा दारात वाकून म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा तो शिकवायचा आवाज मी ऐकला. "बस भरलीय असं समजा. मधे एक बाई उभी आहे, कडेवर मूल, दुसऱ्या हातात पिशवी. दांडी धरायला तिला हात नाही. आता थांबवा."

फोरमनने डोळे मिटले. या वेळी त्याचा पाय दोन मिनिटांच्या आत जमिनीला लागला.

मॅनेजर खाकरला. "हे वर कळवावं लागेल. लगेच वॉरंटी म्हणता येणार नाही..."

"साहेब," फोरमन गाडीतूनच म्हणाला, "माझ्या पायाने गेलाय तो. माझं पण वय झालं, असं लिहिणार आहात का?" त्याने हात पुसले, टायवाल्याच्या हातातून जॉब कार्ड घेतलं आणि बॉनेटवर ठेवून स्वतः लिहिलं: ब्रेकचा मास्टर सिलिंडर आतून निकामी. भाग सदोष. वॉरंटी. मग बाबांना म्हणाला, "काका, तुम्ही दोनदा येऊन गेलात म्हणे. मला कुणी सांगितलं नाही."

"मी रेघा मारल्या होत्या," बाबा म्हणाले. त्याला ते कळलं नाही, पण त्याने मान डोलावली.

आठ दिवसांनी सकाळी गाडी तयार झाली. टायवाल्याने नेहमीप्रमाणे कागद पुढे सरकवला, "काका, इथं सही, मग किल्ली."

"आधी चक्कर, मग सही," बाबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. फोरमन शेजारी बसला, दोघं वीस मिनिटं फिरून आले. उतरताना फोरमन हसत होता. बहुधा त्याला क्लचवरून काहीतरी ऐकावं लागलं असणार.

पण आधी माझी सही हवी होती. जुन्या पत्राऐवजी नवं काढलं होतं आणि त्यात प्रत्यक्षदर्शीचं सुधारलेलं म्हणणं होतं. मी स्वतः लिहिलं: 'मी वडिलांना पायाकडे बघताना पाहिलं. पाय ब्रेकवर होता.' खाली सही केली. बाबांनी कागद ओढून घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि माझ्या सहीच्या खालची कोरी जागा अगदी डोळ्यांजवळ नेऊन तपासली.

"नाहीत हो रेघा," मी म्हटलं.

"बघून घेतलेलं बरं," ते म्हणाले आणि आपली सही केली. साधी. खाली काहीच नाही. मग त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. मी पर्समधून दुसरी किल्ली काढून त्यावर ठेवली, आणि मला माफी मागायची होती, तर ते म्हणाले, "चल, दुकानाला उशीर होतोय."

गल्लीच्या उतारावर त्यांनी गाडी नेहमीच्या जागी आणली. शटर खाली होतं, त्यामागे नवी काच. गाडी थांबली कधी ते मला कळलं नाही, बाबांनी "उतर" म्हटल्यावर कळलं. त्यांनी इंजिन बंद केलं नाही. हँडब्रेकही ओढला नाही. पाय ब्रेकवर ठेवून ते समोर बघत बसले.

शटरचं कुलूप खाली जमिनीलगत आहे. उघडायचं तर बंपर आणि शटर यांच्या मधल्या हातभर जागेत, गाडीकडे पाठ करून, उकिडवं बसावं लागतं. रोज मी ते दहा सेकंदांत उघडते.

मी त्या जागेत गेले आणि पाठ करून बसले. पाठीला इंजिनाची ऊब लागत होती. किल्ली कुलपात घातली, बाहेर काढली, पदराने पुसली, पुन्हा घातली. घाई कसलीच नव्हती.